एका वाड्यात दोन कारभारी : अंबाजोगाईतल्या एका घरगुती नेटवर्कचं प्रकरण

अंबाजोगाईच्या जुन्या गावात तीन भावांचं एक घर आहे. घर म्हणायचं, पण प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या काळांत बांधलेली तीन बांधकामं. रस्त्याच्या तोंडाला धाकट्या भावाचं कृषी सेवा केंद्र, सिमेंटच्या गाळ्यात. त्याला लागून ढाळज, म्हणजे दरवाजापाशीची छप्पर असलेली बैठक, आणि ढाळजेतून आत गेलं की जुना वाडा : ओसरी, माजघर, बळदाची खोली. भिंती दगड आणि पांढऱ्या मातीच्या, दोन हातांनी कवेत येणार नाहीत इतक्या जाड. वर किलचनाचं माळवद, म्हणजे लाकडावर माती अंथरलेलं सपाट छप्पर, आणि गळती थांबावी म्हणून त्यावर नंतर टाकलेले पत्रे. या भागात थोरले तात्या आणि काकू राहतात. चौक ओलांडला की मागे मधल्या भावाचं, म्हणजे सरांचं, दोन मजली स्लॅबचं घर. त्याच्या वरच्या दोन खोल्यांत मेडिकल कॉलेजची मुलं भाड्याने आहेत.

तिन्ही घरांत मिळून एक फायबर कनेक्शन, १०० एमबीपीएसचं, सरांच्या नावावर. बिल तिघांत. कागदावर व्यवस्था चोख होती. प्रत्यक्षात संध्याकाळ झाली की ओसरीतून हाक यायची, "सर, नेट चालंना गेलंय बगा," आणि सर दुकानाकडे बोट दाखवायचे, दुकानातून धाकटे कंपनीकडे. कंपनीचा माणूस आला की खोक्यापाशी उभा राहून मोबाइलवर स्पीड मोजायचा, "पूर्ण येतंय की हो दादा" म्हणायचा आणि जायचा. तात्यांचं मत पक्कं झालं होतं : "लाइट गेली की नेट बिघडतंय. कंपनीच चोर हाय."

या वाक्याचा पहिला भाग तंतोतंत खरा होता. उकल तिथेच होती, पण तिघांपैकी कुणी त्याचा माग काढला नव्हता. ओळख पटेल असं काही न लिहिता हे प्रकरण इथे सविस्तर मांडतो, कारण असे वाडे आणि अशा जोडण्या मराठवाड्यात गल्लोगल्ली आहेत.

काय काय जोडलेलं होतं

आधी नकाशा काढला. तोही सरांच्या वहीच्या मागच्या पानावर. अशा कामात नकाशाच्या आधी कुठल्याही सेटिंगला हात लावू नये, कारण घरातल्या कुणालाच सगळी जोडणी माहीत नसते. प्रत्येकाने आपापल्या सोयीने एक एक खोकं वाढवलेलं असतं.

फायबरची तार रस्त्यावरच्या खांबावरून दुकानात उतरली होती, म्हणून ओएनटी, म्हणजे फायबरचं मुख्य खोकं, दुकानात. त्यातच राउटर आणि वायफाय. दुकानात त्यावर कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं खोकं, म्हणजे डीव्हीआर, प्रिंटर, आणि खतविक्रीचं पीओएस मशीन. ओएनटीच्या एका पोर्टमधून एक केबल ढाळजेतून ओसरीत गेलेली. तिथे फायबर येण्याआधीच्या, टेलिफोनच्या तारेवर चालणाऱ्या जुन्या कनेक्शनचा मोडेम बसवला होता. कनेक्शन केव्हाच बंद झालेलं, पण मोडेमला वायफाय होतं, आणि "फेकून कशाला द्यायचा, चालू हाय की" या न्यायाने तो कामाला लावलेला. त्याच्या दुसऱ्या पोर्टमधून निघालेली केबल चौक ओलांडून सरांच्या पहिल्या मजल्यावर, तिथे तिसरा राउटर. आणि माजघरात टीव्ही चालावा म्हणून भिंतीतल्या प्लगला खोचलेला एक रिपीटर, जो ओसरीतल्या मोडेमचं वायफाय उचलून पुढे फेकत होता.

वायफायची नावं चार. घरातल्या प्रत्येक फोनमध्ये चारही नावांचे पासवर्ड साठवलेले. कोणता फोन कधी कुठे चिकटेल याचा नेम नव्हता.

तक्रारी, एकेकाच्या तोंडून

तात्यांची तक्रार वर आलीच. काकूंची : माजघरात फोनवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात, पण कीर्तनाचा व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो. सरांची : वरून प्रश्नपत्रिका प्रिंटला द्यावी तर प्रिंटर सापडतच नाही, शेवटी पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात उतरावं लागतं. मुलांची : नेट कधी झकास, कधी एकदम ठार.

सगळ्यात वजनदार तक्रार धाकट्यांची होती. अनुदानित खत २०१८ पासून देशभर पीओएस मशीनवर, शेतकऱ्याची ओळख, बहुधा आधारने, पटवूनच विकावं लागतं. मशीन सर्व्हरशी बोललं नाही तर पोतं दुकानाबाहेर जात नाही. जूनमध्ये एक पाऊस पडला की दुकानासमोर रांग लागते आणि अंगठा ठेवल्यावर मशीन विचार करत बसतं. मागचा माणूस ओरडतो, पुढचा दुसऱ्या दुकानाचा रस्ता धरतो. पीओएसला स्पीड फारसा लागतच नाही, दोन-चार ओळींचाच मजकूर जातो-येतो. त्याला हवं असतं ते झटपट उत्तर. घरातल्या इतरांना नेट गेलं तर चिडचिड होते, इथे धंदा बुडतो. म्हणून दुरुस्तीचा क्रम लावताना पीओएस पहिलं धरलं, टीव्ही शेवटी.

कंपनी निर्दोष ठरली

लॅपटॉप केबलने थेट ओएनटीला लावला आणि बाकी सगळ्या केबल काढून टाकल्या. स्पीड ९५च्या पुढे. वीस मिनिटं चाचणी चालू ठेवली तरी एकही पॅकेट, म्हणजे पाठवलेल्या माहितीचा एकही तुकडा, हरवला नाही. म्हणजे खांबावरून दुकानापर्यंत येणारं नेट ठणठणीत होतं. कंपनीचा माणूस खोटं बोलत नव्हता, फक्त तो दुकानापलीकडे वाड्यात पाऊल टाकत नव्हता. आणि त्याने का टाकावं? त्याची जबाबदारी त्या खोक्यापाशी संपते.

ही चाचणी वायरवरच करायची. वायफायवर मोजलेला स्पीड भिंतीचा असतो, कनेक्शनचा नसतो. आणखी एक गफलत नेहमी होते : १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे फाइल उतरताना सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट दिसणार. धाकट्यांना हे सांगितल्यावर त्यांचा कंपनीवरचा निम्मा राग तिथेच उतरला.

दोन कारभारी

आता खरी गोष्ट. केबल पुन्हा होत्या तशा लावल्या, आणि लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता उघडला. ओएनटीचं पान आलं. वाड्यातला मेन स्विच पाडून पुन्हा चालू केला, थोडं थांबून तोच पत्ता उघडला. या वेळी पान आलं ते ओसरीतल्या जुन्या मोडेमचं.

एकाच नेटवर्कवर दोन यंत्रं एकच पत्ता लावून बसली होती, आणि दोघंही स्वतःला कारभारी समजत होती.

हे कसं होतं ते नीट समजून घ्यायला हवं. इंटरनेटवरच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची एकूण संख्या ४२९ कोटींच्या आसपास आहे. एवढ्यात जगातल्या सगळ्या यंत्रांचं भागणार नाही हे १९९०च्या दशकातच कळून चुकलं होतं. त्यावर तोड निघाली ती अशी : काही पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवायचे. १९२.१६८ ने सुरू होणारे त्यातलेच. ते कुणीही, कुठेही वापरावेत, बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. घराच्या दारात बसलेला राउटर आतल्या सगळ्यांची मागणी स्वतःच्या एका बाहेरच्या पत्त्यावरून पुढे पाठवतो आणि आलेलं उत्तर ज्याचं त्याला देतो. एका कनेक्शनवर तीन घरं चालतात ती या युक्तीमुळे. तिला नॅट म्हणतात.

आतल्या यंत्रांना पत्ते वाटायचं कामही हाच राउटर करतो. नवा फोन वायफायला जोडला की तो नेटवर्कवर सगळ्यांना उद्देशून विचारतो, मला पत्ता कोण देतं? राउटर उत्तर देतो : हा तुझा पत्ता, आणि बाहेर जायचं असेल तर माझ्याकडे ये. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. पत्ता कायमचा नसतो, ठरावीक मुदतीचा असतो, बऱ्याच घरगुती राउटरांत एक दिवसाचा.

फोन विचारतो सगळ्यांना, आणि साधारणपणे ज्याचं उत्तर आधी येतं त्याचं ऐकतो. वाड्यात उत्तर देणारे दोघं होते. त्यातला एक दुकानातला ओएनटी, ज्याच्याकडे खरंच बाहेरचा रस्ता होता. दुसरा ओसरीतला मोडेम, ज्याची टेलिफोनची तार केव्हाच तुटलेली होती, पण कारखान्यातून येताना दिलेलं वाटपाचं काम तो निष्ठेने करत होता. कंपन्या बहुतेक राउटरांना १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हाच पत्ता घालून पाठवतात, त्यामुळे दोघांचं नावही एक.

लाइटचं कोडं इथे सुटलं. वीज येते तेव्हा दोन्ही खोकी एकदम सुरू होतात. जुना मोडेम साधा, अर्ध्या-पाऊण मिनिटात उठून बसतो. ओएनटीला उठायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. या मधल्या वेळात घरातला प्रत्येक फोन, टीव्ही, सरांचा राउटर पत्ता मागतात आणि मोडेम खुशाल वाटत सुटतो. सगळ्यांच्या स्क्रीनवर "कनेक्टेड, नो इंटरनेट". मुदत दिवसभराची, म्हणून बिघाडही रेंगाळतो. कुणी फोनचं वायफाय बंद-चालू केलं आणि या वेळी ओएनटीने आधी उत्तर दिलं, तर त्याचं सुरू होतं, शेजारी बसलेल्याचं बंदच. "माझं चालतंय, तुझाच फोन खराब हाय" हे भांडण त्यातून. इतकंच नाही, योग्य पत्ता मिळालेलं यंत्रही सुटत नव्हतं. बाहेर जायला १९२.१६८.१.१ कडे जा असं दोघंही सांगत होते, आणि तो पत्ता नेमका कोणत्या खोक्याचा हे दर वेळी नव्याने ठरत होतं. लॅपटॉपमध्ये या पत्त्यासमोर नोंदलेला हार्डवेअरचा क्रमांक तासाभरात आपोआप बदललेला दिसला. पीओएसचं अडकणं, प्रिंटरचं मधूनच गायब होणं, मुलांचं "एकदम ठार", सगळ्याची नाळ इथे होती.

मोडेमचं डीएचसीपी बंद करून त्याला १९२.१६८.१.२ असा वेगळा पत्ता दिला की तो नुसता वायफाय फेकणारा ॲक्सेस पॉइंट होतो. जुनं खोकं वापरायला माझी ना नाही, पण ही दोन कामं केल्याशिवाय ते दुसऱ्या राउटरला कधीही जोडू नये. इथे तात्पुरतं तेवढंच केलं, आणि त्याच संध्याकाळी वाड्यातली निम्मी ओरड थांबली. पुढे मात्र तो मोडेम काढूनच टाकला. त्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे, वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं, आणि त्याला कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट येणं बंद झालेलं.

वरच्या मजल्यावरचं वेगळं राज्य

सरांच्या राउटरमध्ये येणारी केबल इंटरनेटच्या, म्हणजे वॅनच्या पोर्टमध्ये होती. त्यामुळे तो आपलं वेगळं नेटवर्क चालवत होता, १९२.१६८.०. वालं. घरात नेट चालायला याने काही अडत नाही, मागणी दोनदा पुढे पाठवली जाते एवढंच. अडतं ते शोधाशोधीत. फोन आणि लॅपटॉप प्रिंटर शोधताना फक्त आपल्याच नेटवर्कमध्ये हाक मारतात. ती हाक राउटर ओलांडत नाही. दुकानातला प्रिंटर पलीकडच्या नेटवर्कवर, म्हणून सरांना तो दिसत नव्हता. या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकलं आणि प्रिंटर सापडला. सरांचा पेन ड्राइव्ह खिशातून कपाटात गेला.

धाकट्यांच्या मुलाची एक खटपट इथेच सांगून टाकतो. दुकानातले कॅमेरे बाहेरगावी बसून थेट पाहता यावेत म्हणून त्याने व्हिडिओ बघून बघून ओएनटीत पोर्ट फॉरवर्ड केले होते, म्हणजे बाहेरून येणारी मागणी थेट डीव्हीआरकडे वळवली होती, आणि ते काही केल्या चालत नव्हतं. ओएनटीच्या स्टेटस पानावर बाहेरचा पत्ता पाहिला तर तो १००.७८ ने सुरू होणारा निघाला. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ पासून सेवा कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखलेला आहे. म्हणजे कंपनीही एकाच खऱ्या पत्त्यावर अनेक ग्राहक चालवत होती, आणि बाहेरून येणारी हाक त्या वरच्या दारातच अडत होती. घरात काहीही केलं असतं तरी ते चाललं नसतं. डीव्हीआरच्या कंपनीच्या ॲपवरून कॅमेरे दिसतात, तेवढ्यावर त्याने समाधान मानलं. फॉरवर्ड केलेले पोर्ट बंद केले आणि डीव्हीआरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा महत्त्वाचं.

भिंत

मराठवाड्यातल्या जुन्या भिंतींबद्दल आदर बाळगूनच बोलावं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीत याच दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. उरलेल्या वाड्यांत उन्हाळ्यात पंख्याशिवाय झोप लागते तीही यांच्यामुळेच. वायफायला मात्र त्या परवडत नाहीत.

सिग्नल डीबीएम या उणे आकड्यात मोजतात, शून्यापासून आकडा जितका लांब तितका सिग्नल कमजोर. दुकानात खोक्याजवळ तो उणे ४०च्या आसपास होता. व्हिडिओ नीट चालायला तो उणे ६७च्या खाली जाऊ नये असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. ढाळज ओलांडून एक भिंत पार झाली की २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल कसाबसा उणे सत्तरच्या पुढे, आणि ५ गिगाहर्ट्झचं नाव यादीतूनच गेलेलं. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरं, पण भिंतीपुढे ते लवकर हात टेकतं. माळवदावरचे पत्रे वरून काही जाऊ देत नाहीत. पावसाळ्यात माती ओल धरते तेव्हा परिस्थिती आणखी वाईट, कारण पाणी या लहरी शोषतं. काकूंचं "पावसात नेट मंद होतं" हे निरीक्षण बरोबर होतं.

आणि माजघरातल्या भरलेल्या रेघा? त्या रिपीटरच्या होत्या. फोन आणि रिपीटर यांच्यामध्ये चार हात हवा, म्हणून रेघा भरलेल्या. रिपीटर आणि मोडेम यांच्यामध्ये भिंत, ती फोनला दिसत नाही. शिवाय असा स्वस्त रिपीटर ज्या लहरीवर ऐकतो त्याच लहरीवर बोलतो, म्हणून मिळालेल्या तुटपुंज्या वेगातला निम्मा त्यातच जातो. माझं याबाबतचं मत जरा कडक आहे : मातीच्या वाड्यात रिपीटर विकत घेणं म्हणजे पैसे भिंतीत पुरणं. तिथे वायरच न्यावी.

पण तात्या भिंतीला भोक पाडू देईनात. त्यांचं बरोबर होतं. पांढऱ्या मातीच्या भिंतीत ड्रिल घातलं की आतली माती भुरभुर गळत राहते, भोक मोठं होत जातं आणि पुढच्या पावसात तिथे ओल शिरते. मार्ग काकूंनी सुचवला. माजघराच्या माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं साणं होतं, पत्र्याखाली झाकलेलं. केबल ढाळजेच्या छतावरून माळवदावर, आणि साण्यातून खाली माजघरात. उतरण्याआधी केबलला खाली एक झोळ दिला, म्हणजे तारेवरून वाहत येणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं, साण्यातून आत येत नाही. ॲक्सेस पॉइंट माजघर आणि ओसरी यांच्या दारावर टांगला, दोन्ही खोल्यांना उघडा. रिपीटर निघाला.

केबल आणि वीज

चौकातली केबल पाहिली तेव्हा तिचं वरचं आवरण उन्हाने तडकलं होतं. मध्ये एक जोड, टेप गुंडाळलेला. टेप सोडला तर आठांपैकी चारच तारा पिळलेल्या. चार तारांवर नेटवर्क चालतं, पण १०० एमबीपीएसपर्यंतच. गिगाबिटला आठही लागतात. केबलच्या तारा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या होत्या. बाजारात ही केबल निम्म्या भावात मिळते आणि खोक्यावर ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, किंवा नसतंच. तार चाकूने खरवडून पाहावी : आत चंदेरी दिसलं तर घेऊ नये.

दुकानातून माजघरापर्यंत निखळ तांब्याची, बाहेर टिकणारी कॅट ६ केबल घातली, पीव्हीसी पाइपातून, विजेच्या तारांपासून हातभर दूर. चौकासाठी मात्र तांबं नको म्हणालो. सरांच्या घराला वेगळा मीटर आणि वेगळं अर्थिंग आहे. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक पडला की तो फरक मिटवायला तांब्याची नेटवर्क केबल हा आयता रस्ता होतो. एप्रिल-मे महिन्यातल्या अवकाळीत मराठवाड्यात विजा कशा पडतात हे सांगायला नको. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या लिंबावर पडलेल्या विजेने याच घरातला सेट-टॉप बॉक्स आणि बोअरचा स्टार्टर घालवला होता, त्यामुळे तात्यांना पटवायला वेळ लागला नाही.

चौकात फायबर टाकली. काचेतून वीज वाहत नाही. दोन्ही टोकांना कनेक्टर बसवलेली तयार ड्रॉप केबल मिळते, ती दोन मीडिया कन्व्हर्टरांच्या, म्हणजे तांब्यावरचा सिग्नल प्रकाशात आणि प्रकाशातला तांब्यावर आणणाऱ्या खोक्यांच्या, मध्ये. एकाच धाग्यावर दोन्ही दिशांनी चालणारे कन्व्हर्टर घेताना ए आणि बी अशी जोडीच घ्यावी लागते. एक ज्या रंगाच्या प्रकाशावर बोलतो त्यावर दुसऱ्याने ऐकायचं असतं. दोन्ही ए आणले तर दिवा लागतच नाही, आणि माणूस केबलला दोष देत बसतो. फायबर कोपऱ्यावर काटकोनात मोडायची नाही, गोल वळण द्यायचं.

वीज जाण्याचं काय? दुकानातल्या ओएनटीला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला. घेताना ॲडॅप्टरवरचा आकडा वाचावा : व्होल्ट तोच हवा, ॲम्पियर तितका किंवा जास्त चालतो. नेटवर्कचा स्विच, म्हणजे एका केबलवरून अनेक केबल काढणारं खोकं, आणि कन्व्हर्टर बहुधा ५ व्होल्टवर चालतात, त्यांना १२ दिले तर धूर निघतो. ती खोकी त्यामुळे तात्यांच्या इन्व्हर्टरवर गेली. इन्व्हर्टर बदली होताना क्षणभर खंड पडतो, पण स्विचला पुन्हा उठायला काही सेकंदच लागतात.

पत्ते, नावं आणि भाडेकरू

शेवटची रचना साधी आहे. पत्ते वाटणारा एकच, दुकानातला ओएनटी. तो १०० ते १९९ या क्रमांकांतलेच पत्ते वाटतो. माजघराचा ॲक्सेस पॉइंट .२, सरांचा .३, प्रिंटर .२०, डीव्हीआर .३०, हे कायमचे. हा तक्ता कागदावर लिहून दुकानात पंचांगाच्या मागे चिकटवला आहे, कारण पुढच्या माणसाला तो लागणार.

वायफायचं नाव आणि पासवर्ड तिन्ही ठिकाणी एकच, म्हणजे फोन घरात फिरेल तसा जवळच्या खोक्याकडे सरकतो. सगळे फोन ते शहाणपण दाखवत नाहीत. तात्यांचा जुना फोन दुकानाचा सिग्नल मरेपर्यंत सोडत नाही, मग ओएनटीच्या वायफायची ताकद थोडी कमी केली. २.४ गिगाहर्ट्झवर तिघांना १, ६ आणि ११ हे चॅनेल दिले, रुंदी २० मेगाहर्ट्झ. एकमेकांत न मिसळणारे चॅनेल या पट्ट्यात तेवढेच. "रुंदी ४० केली की स्पीड दुप्पट" असा सल्ला सर्रास मिळतो, पण दाट वस्तीत तसं केलं की आपण शेजाऱ्यात आणि शेजारी आपल्यात मिसळतो.

भाड्याच्या मुलांचा प्रश्न तांत्रिक कमी आणि व्यवहाराचा जास्त. बाहेरून पाहिलं तर तिन्ही घरांतली सगळी यंत्रं सरांच्या कनेक्शनमागे एकच दिसतात, कुणी काही उद्योग केला तर विचारणा सरांना होणार. म्हणून मुलांना घरचा पासवर्ड न देता वेगळं गेस्ट नेटवर्क दिलं, ज्यावरून इंटरनेट मिळतं पण घरातली यंत्रं दिसू नयेत असं. इथे एक खाच आहे : स्वस्त राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर गेला की त्याचं गेस्ट नेटवर्क बऱ्याचदा नावापुरतं उरतं, त्यावरून घरातली यंत्रं उघडता येतात. गेस्टवर फोन जोडून .३० उघडून पाहिलं, आणि सरांच्या राउटरवर डीव्हीआरचं लॉगिन पान सरळ समोर आलं. तो राउटर बदलून, या मोडमध्येही गेस्टला खरंच अडवणारा ॲक्सेस पॉइंट आणला आणि तीच चाचणी पुन्हा केली. पान उघडलं नाही. गेस्टला ३० एमबीपीएसची मर्यादा घातली. डाउनलोडपेक्षा अपलोडची जास्त काळजी घेतली, कारण रात्री फोटोंचा बॅकअप चढायला लागला की पीओएससारखी छोटी मागणी त्या रांगेत अडकते.

सरांनी विचारलं, मुलांकडून नेटचे महिन्याला वेगळे पैसे घेऊ का? माझं उत्तर, नको. भाड्यात सोय म्हणून देणं निराळं, आणि घरगुती कनेक्शन पैसे घेऊन पुढे विकणं निराळं. त्याला ग्राहक म्हणून झालेला करार परवानगी देत नाही. दुकानातून लोकांना पैसे घेऊन वायफाय द्यायचंच असेल तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना आहे. तिच्यात दुकानदाराला परवाना लागत नाही, पण नोंदणीकृत ॲग्रिगेटरमार्फत, म्हणजे अशा अनेक दुकानांना एकत्र जोडणाऱ्या कंपनीमार्फत, जावं लागतं. धाकटे त्यावर विचार करतायत, आधी हंगाम जाऊ दे म्हणाले.

तपासणी आणि उरलेलं

काम झाल्यावर स्पीड मोजून कुणी खूश होऊ नये. खरी परीक्षा लाइटची. भर संध्याकाळी, टीव्ही चालू असताना, धाकट्यांनी यूपीएसची पिन काढली आणि तात्यांनी मेन स्विच पाडला. पाच मिनिटांनी सगळं चालू केलं. मग ओसरी, माजघर आणि वरचा मजला, तिन्हीकडे एकेका फोनमध्ये पत्ता पाहिला. सगळे शंभरच्या पुढचे, आणि बाहेरचा रस्ता सगळ्यांचा दुकानातूनच. पीओएसवर चाचणी केली, उत्तर अंगठा उचलायच्या आत. सरांच्या मजल्यावर वायरने ९०च्या पुढे, माजघरात वायफायवर सत्तरच्या आसपास.

बळदाच्या खोलीत अजून काही येत नाही. तिथे कुणाला नको आहे, म्हणून सोडून दिलं. मुलांपैकी एकाला गेममध्ये "स्ट्रिक्ट नॅट" असा इशारा दिसतो. तो कंपनीने एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवल्यामुळे आहे, स्थिर पत्ता विकत घेतल्याशिवाय जाणार नाही. आणि धाकट्यांनी आता शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतावरच्या वस्तीवर, वायफाय नेता येईल का असं विचारलंय. आखाडा गावापासून तीन किलोमीटरवर, मध्ये टेकाड. सरळ नजर पोचत नाही तिथे रेडिओची जोडीही पोचत नाही. सिम टाकायचा राउटर घ्या आणि आधी तिथे कोणत्या कंपनीची रेंज येते ते फोन घेऊन बघून या, एवढं सांगितलं आहे.